दृश्य विश्वाची सीमा आणि रोहितस्साची वाटचाल

दृश्य विश्वाच्या सीमेपलीकडे काय असावे, हा प्रश्न आता केवळ ज्योतिर्विदांचा राहिलेला नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील विहारांतून वर्षावासाच्या काळात जी प्रवचने व व्याख्याने होतात, त्यांत विज्ञान शाखेत शिकणारी मुले हा प्रश्न विचारू लागली आहेत, आणि त्यांना साधारणतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, अनंत चक्रवाळांची गोष्ट बौद्ध ग्रंथांत फार पूर्वीच सांगितलेली असून आधुनिक विज्ञान 'बहुविश्वा'च्या रूपाने आता कोठे तेथवर येऊन पोहोचत आहे. दुसरे उत्तर असे की, लोक सान्त की अनन्त हा प्रश्न भगवंतांनी अव्याकत ठेवला, म्हणून तो विचारणे हेच मुळी धम्माला सोडून आहे. पहिल्या उत्तराने मुलाची छाती फुगते, दुसऱ्याने त्याचे तोंड बंद होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांची चिकित्सा करण्याचे आम्ही योजिले आहे. दोन्ही उत्तरे मूळ ग्रंथांना धरून नाहीत असे आमचे मत आहे; शिवाय ज्याला ती दिली जातात तो उद्या भौतिकशास्त्राच्या वर्गात बसणार आहे, आणि तेथे त्याला यांतले कोणतेही उत्तर उपयोगी पडणार नाही.

प्रथम प्रश्न नीट मांडला पाहिजे. 'विश्वाचे टोक' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांनी रूढ केला आहे व तो दिशाभूल करणारा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर; म्हणजे तो अफाट असला तरी अमर्याद नव्हे. आजच्या मोजणीनुसार विश्वाच्या प्रसरणाला सुमारे १३८० कोटी वर्षे झाली आहेत. इतक्या काळात जेथून प्रकाश आपल्यापर्यंत येऊ शकला, तेवढेच विश्व आपल्याला दिसू शकते. हा प्रकाश वाटेत असताना अवकाश पसरत राहिल्यामुळे, ज्या ठिकाणाहून तो निघाला ते ठिकाण आज १३८० नव्हे तर सुमारे ४६५० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ही झाली दृश्य विश्वाची त्रिज्या. प्रत्यक्षात प्रकाशाने पाहायचे तर एवढेही साधत नाही. प्रसरणाच्या आरंभापासून सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्व इतके तप्त होते की प्रकाश त्यातून मोकळा वाहू शकत नव्हता. ते निवळले तेव्हा सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपाने सर्व दिशांनी येत आहे, आणि दुर्बिणीला गाठता येणारी सर्वांत दूरची भिंत तीच.

ही भिंत कोणाची? विश्वाची नव्हे, आपल्या पाहण्याची. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज एक. मिरजेपलीकडे दंडोबाच्या डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाचे दुसरे. हवा कितीही स्वच्छ असली तरी अजिंक्यताऱ्यावरून दंडोबा दिसणार नाही. मात्र दोघांच्या मधोमध, कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरावर कोणी उभा राहिला तर त्याचे क्षितिज दोघांच्याही क्षितिजाचा काही भाग आपल्यात घेते. अजिंक्यताऱ्यावरचा माणूस आपल्या क्षितिजाला भूमीचा शेवट म्हणत नाही. विश्वाचेही तसेच आहे. ४००० कोटी प्रकाशवर्षांवरील एखाद्या दीर्घिकेत निरीक्षक असेल तर त्याच्याभोवतीही तेवढ्याच त्रिज्येचे दृश्य विश्व असेल. त्याचा काही भाग आपल्या दृश्य विश्वात येईल, बराचसा येणार नाही. उपमेत एक भेद आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. भूमीवरील क्षितिज पृथ्वीच्या वक्रतेमुळे पडते व ते चालून ओलांडता येते. सांगलीचा माणूस साताऱ्यास येतो आणि तिकडची हकिगत सांगतो. विश्वाचे क्षितिज प्रकाशाच्या वेगामुळे पडते, आणि त्यापलीकडून आजवर कोणी आलेले नाही, काही आलेले नाही, एक किरणही नाही.

काळ जाईल तसे हे क्षितिज विस्तारत जाईल व अखेर सर्व काही दिसेल, असा समज करून घेण्यासही आता आधार उरलेला नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून दिसून आले. ही वाढ अशीच चालू राहिली तर, आज सुमारे १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आज निघालेला प्रकाश आपल्याकडे कधीच पोहोचणार नाही. तिचा जुना प्रकाश येत राहील, पण तिची आजची हकिगत आपल्याला कधीही कळणार नाही. अनंत काळ वाट पाहिली तरी आजच्या अंतराने सुमारे ६२०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडचे काहीही आपल्या दृष्टीच्या टप्प्यात येणार नाही, असा हिशेब आहे.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात लोकधातूंचे तीन थर सांगितले आहेत : हजार सूर्य, हजार चंद्र व त्यांच्या परिसरासह एक सहस्री लोकधातू, अशा हजारांची द्विसहस्री, आणि त्या हजारांची त्रिसहस्री, म्हणजे शंभर कोटी जगे. भव्य कल्पना आहे यात शंका नाही. एकच पृथ्वी व एकच सूर्य धरून चालणाऱ्या मनाला ती मोठी मोकळीक देते. परंतु हे वर्णन कोणत्या कामासाठी आले आहे, हे व्याख्याते सांगत नाहीत. तेथे आनंदाने विचारले आहे ते तथागतांचा आवाज किती दूर ऐकू जाऊ शकतो याविषयी. जगांची गणना हा त्या संवादाचा विषयच नाही. ती श्रोत्याला परिचित असलेली पार्श्वभूमी आहे, आणि पार्श्वभूमीचा सिद्धांत करणे हा ग्रंथ वाचण्याचा योग्य मार्ग नव्हे.

पुढे पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात एका चक्रवाळाची मापेच दिली. लांबीरुंदी १२ लाख ३ हजार ४५० योजने. परीघ ३६ लाख १० हजार ३५० योजने. बारीकसारीक आकडे पाहिले की वाचकाला वाटते, कोणीतरी मोजले असले पाहिजे. वाचकांनी पहिल्या आकड्याला तिनाने गुणून पाहावे. दुसरा आकडा मिळतो, एका योजनाचाही फरक पडत नाही. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या बरोबर तिप्पट कधीच नसतो, आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास हे गुणोत्तर ३.१४१६ असे दिले आहे. तेव्हा परीघाचा आकडा मोजलेला नाही, तिनाने गुणून काढलेला आहे. विसुद्धिमग्गाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घातली ते धर्मानंद कोसंबी आपल्या मराठी मुलखातले, गोव्याच्या साखवाळचे. पाठ शुद्ध करणे म्हणजे त्यातील प्रत्येक आकडा खरा मानणे नव्हे, हे त्यांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. विसुद्धिमग्गाचे मोल ध्यानाच्या विश्लेषणात आहे. योजनांच्या कोष्टकासाठी तो ग्रंथ खांद्यावर घेऊन मिरवणे हा त्या आचार्यांचा सन्मान नव्हे.

'बहुविश्व' म्हणून विज्ञानात जे चर्चिले जाते ते तरी काय आहे? १९८० च्या सुमारास अ‍ॅलन गुथ यांनी अशी कल्पना मांडली की, प्रसरणाच्या अगदी आद्य क्षणात अवकाश कल्पनातीत वेगाने फुगले असावे. तिला 'इन्फ्लेशन' म्हणतात. दूरदूरच्या, एकमेकांशी कधीच संपर्क न आलेल्या प्रदेशांचे तापमान इतके सारखे कसे, या कोड्याचा उलगडा तिच्यामुळे होतो. तिची काही रूपे अशी आहेत की, फुगण्याची ही क्रिया सर्वत्र एकदम थांबत नाही. कोठे थांबते तेथे आपल्यासारखे विश्व बुडबुड्यासारखे निपजते, इतरत्र ती चालूच राहते. म्हणजे बहुविश्व हे निरीक्षण नव्हे. एका समर्थ पण अपूर्ण सिद्धांताच्या काही रूपांतून निघणारा तो निष्कर्ष आहे. असा एखादा बुडबुडा आपल्या विश्वाला कधी धडकला असेल तर सूक्ष्मतरंगांच्या नकाशावर वर्तुळाकार व्रण राहायला हवेत, म्हणून ते शोधण्यात आले. खात्रीने सांगावे असे काही सापडले नाही. २००८ मध्ये काही संशोधकांनी असाही दावा केला होता की, दीर्घिकांचे असंख्य समूह एका दिशेने ओढले जात आहेत व ओढणारे काहीतरी क्षितिजापलीकडे असावे. 'प्लांक' उपग्रहाच्या अधिक चोख मोजणीत त्याला पुष्टी मिळाली नाही. जो दावा विज्ञानानेच अद्याप पदरात घेतलेला नाही, तो तिपिटकाने आधीच सिद्ध केला होता असे सांगण्यात तिपिटकाचा गौरव कसा होतो, हे आम्हाला समजत नाही.

येथे एक इतिहास आठवावा. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महास्फोटाच्या सिद्धांतात जगन्निर्मितीचा पुरावा पाहिला व तसे जाहीरपणे सांगितले. त्या सिद्धांताचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होते, आणि त्यांनाच ते रुचले नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांपासून अलग राहावा अशी त्यांची भूमिका होती. उलट बाजूने आपल्याकडे काहींना स्थिर स्थिती सिद्धांताचे आकर्षण वाटत आले, कारण त्यात विश्वाला आरंभ नाही आणि म्हणून निर्मात्यालाही जागा नाही. त्या सिद्धांताशी आयुष्यभर ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, म्हणजे आमच्या सांगलीच्या शेजारचे. फ्रेड हॉयल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये त्याचे सुधारलेले रूप मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वप्रारणाचा सरळ उलगडा महास्फोटाच्या बाजूने होतो, असे त्यांचे म्हणणे. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. अल्पमतात राहूनही त्यांनी आपला सिद्धांत कोणत्याही दर्शनाच्या आधारावर उभा केला नाही. तो निरीक्षणांपुढेच तपासायला ठेवला. ज्याला निरीश्वरवाद हवा आहे त्याने तो या सिद्धांतावर टांगून ठेवला असता, तर पार्श्वप्रारणाच्या प्रत्येक नव्या नकाशाबरोबर त्याला धडकी भरली असती. अनीश्वरतेचा धम्मातील आधार वेगळा आहे व तो दुर्बिणीवर अवलंबून नाही.

दुसऱ्या उत्तराची चिकित्सा अधिक काळजीने करावी लागते, कारण त्यामागे ग्रंथाधार आहे असे दिसते. मज्झिमनिकायातील चूळमालुंक्यसुत्तात मालुंक्यपुत्त भिक्खू दहा प्रश्नांचा हट्ट धरतो. त्यांत लोक सान्त की अनन्त हाही आहे. विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. बाण मारणारा कोण, धनुष्य कसले, पीस कोणत्या पक्ष्याचे, हे कळेपर्यंत शल्य काढू न देणारा माणूस मरून जाईल. पण दृष्टान्ताचा रोख पाहावा. मालुंक्यपुत्ताने अट घातली होती की, ही उत्तरे मिळाली तरच मी ब्रह्मचर्य पाळीन, नाहीतर सोडीन. भगवंतांनी नाकारली ती अट. धनुष्यांचा अभ्यास करू नये असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. शल्य काढणे त्यावर अडवून ठेवू नये, एवढेच म्हटले आहे. अकरावीतली मुलगी विश्वाच्या सीमेविषयी विचारते तेव्हा ती शील सोडण्याची धमकी देत नसते. तिला मालुंक्यपुत्ताचे उत्तर देणे म्हणजे एका रोग्याचे औषध दुसऱ्या निरोगी माणसाला पाजणे होय.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात हा प्रश्न अधिक मुळाशी जाऊन हाताळला आहे, आणि आश्चर्य असे की व्याख्यानांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. तेथे बासष्ट दृष्टींत चार अंतानंतवादी येतात. एक श्रमण म्हणतो लोक सान्त आहे. दुसरा म्हणतो अनन्त आहे. तिसरा म्हणतो खालीवर सान्त, आडवा अनन्त. चौथा तार्किक, तो तिन्ही नाकारतो. पहिल्या तिघांना आपली मते कशी सुचली, तेही सांगितले आहे : समाधीत ज्याला जग मर्यादित भासले त्याने ते मर्यादित ठरवले, ज्याला अमर्याद भासले त्याने अमर्याद. अट्ठकथेने याचा आणखी खुलासा केला आहे. ध्यानातील प्रतिभागनिमित्त ज्याने चक्रवाळाच्या कडेपर्यंत वाढवले नाही तो सान्तवादी झाला. ज्याने तेथपर्यंत वाढवले तो अनन्तवादी झाला. आपल्या पाहण्याचा आवाका जेथे संपला तेथे जग संपले, किंवा आवाका वाढत गेला म्हणून जग संपतच नाही, हे दोन्ही निष्कर्ष एकाच दोषातून निघतात. पाहणाऱ्याची मर्यादा पाहिलेल्या वस्तूवर लादली जाते. वर आम्ही 'विश्वाचे टोक' या शब्दावर जो आक्षेप घेतला, तो याहून वेगळा नाही.

मग क्षितिजापलीकडे काही बोलताच येत नाही काय? या ठिकाणी बौद्ध परंपरेतील ज्या साधनाचा उपयोग व्हायला हवा ते निकायांत नसून न्यायग्रंथांत आहे. दिङ्नागांनी प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. आप्तवाक्याला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले नाही. धर्मकीर्तींनी पुढे अनुपलब्धीची, म्हणजे 'न दिसण्या'ची, मीमांसा केली. न्यायबिंदूत त्यांनी जो भेद केला तो असा : जी वस्तू असती तर दिसलीच असती ती दिसत नाही, तेव्हा ती नाही असे ठरवता येते. समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण जी वस्तू देशाने, काळाने वा स्वभावाने दूर आहे, ज्याला ते विप्रकृष्ट म्हणतात, तिचे न दिसणे अभाव सिद्ध करीत नाही. त्यातून केवळ संशय उत्पन्न होतो. दृश्य विश्वापलीकडचा प्रदेश हा देशविप्रकृष्टाचे याहून चोख उदाहरण काय असेल? 'तेथे काही नाही' हे विधान घटाच्या न्यायाने करता येत नाही. 'तेथे अनंत विश्वे आहेत' हे विधान प्रत्यक्षाने करता येत नाही, आणि आप्तवाक्याने करू पाहाल तर दिङ्नागच आडवे येतात. उरते अनुमान, आणि अनुमानाला व्याप्ती लागते.

विज्ञान नेमके तेच करीत आहे. त्याची व्याप्ती अशी : मोठ्या प्रमाणावर पाहिले असता दृश्य विश्व सर्व दिशांना सारखे आहे, आणि आपली जागा त्यात खास नाही. हे खरे असेल तर क्षितिजाच्या लगत पलीकडे असलेला प्रदेश अलीकडच्यासारखाच असला पाहिजे. तशाच दीर्घिका, तेच नियम. या लगतच्या पट्ट्याविषयी बहुतेक शास्त्रज्ञांना फारशी शंका नाही. त्याहून दूर जावे तसे अनुमान विरळ होत जाते. अवकाश वक्र असेल व चेंडूच्या पृष्ठासारखे स्वतःवर मिटलेले असेल तर विश्व सान्त असूनही त्याला कडा नसेल. 'प्लांक'च्या व इतर मोजणीनुसार ही वक्रता शून्याच्या इतकी जवळ आहे की, मोजणीतील अनिश्चितता हजारात दोनच्या आसपास राहते. यावरून विश्व अनंत ठरते काय? ठरत नाही. मैलभर शेत सपाट दिसले म्हणून पृथ्वी सपाट ठरत नाही, तसेच हे. इतकेच म्हणता येते की, संपूर्ण विश्व दृश्य विश्वाहून पुष्कळ मोठे असावे. दुसरी शक्यता अशी की अवकाश सपाट असूनही एका बाजूने बाहेर पडलेले दुसऱ्या बाजूने आत येत असेल. असे छोटे मिटलेले विश्व असेल तर आकाशाच्या नकाशात समान वर्तुळांच्या जोड्या दिसायला हव्यात. १९९८ मध्ये ही कसोटी सुचवली गेली, पुढे दोन उपग्रहांच्या नकाशांवर ती लावून पाहिली गेली, आणि जोड्या मिळाल्या नाहीत. येथे न दिसणे हे निर्णायक आहे, कारण वर्तुळे असती तर दिसलीच असती. म्हणजे विश्व तसे मिटलेले असेलच, तर त्याचा पसारा आपल्या क्षितिजाहून मोठा असला पाहिजे. धर्मकीर्तींची दोन्ही कलमे एकाच प्रश्नात कशी लागू पडतात, हे वाचकांच्या लक्षात येईल. आचार्यांनी हे शोध आधीच लावले होते, असे कोणी कृपया यावरून म्हणू नये. पद्धत त्यांची आहे. शोध इतरांचे आहेत.

न दिसण्याचा व तपासण्याचा हा विवेक आमच्या भागाला परका नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिच्या वार्तापत्राचे काम सांगलीतून चालत आले. २००८ मध्ये नारळीकर आणि ही समिती यांच्या सहकार्याने पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेण्यात आली. हुशार मुलांच्या व मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखण्यास दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली, आणि त्यांची एकूण अचूकता ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीच्याही किंचित खाली निघाली. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जिल्ह्यातून ही चळवळ उभी राहिली, त्याच जिल्ह्यातील विहारात एखादा दावा केवळ आपल्या परंपरेच्या बाजूचा आहे म्हणून न तपासता स्वीकारला जावा, हे आम्हाला खटकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्षही दोन्ही बाजूंनी काढली जाते, म्हणून तिचा विचार करणे प्राप्त आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या मुलाचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले, त्याच्या १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, कल्पनाविलासावर आधारलेला विश्वास अधम्मात गणला आहे. 'प्रश्नच विचारू नका' असे म्हणणारे हे प्रकरण पुढे करतात. पण बाबासाहेबांनी ज्याला अधम्म म्हटले तो विश्वास आहे, प्रश्न नव्हे. आणि कल्पनाविलास व अनुमान यांत जे अंतर आहे तेच धर्मकीर्तींच्या शास्त्राचा सारा विषय आहे. त्याच ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या तीन कसोट्या आहेत : ते बुद्धीला धरून असले पाहिजे, मानवकल्याणाशी ज्यांचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडले नाहीत हे लक्षात ठेवले पाहिजे, आणि ज्या गोष्टींविषयी बुद्धांना निश्चिती होती त्यांवर त्यांनी ठाम मत दिले, ज्यांविषयी नव्हती त्यांवर केवळ तात्पुरते. ही तिसरी कसोटी आमच्या मते फार मोलाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. दीघनिकायातील पोट्ठपादसुत्तात भगवंत एकंसिक व अनेकंसिक असे धर्मांचे दोन वर्ग करतात. चार आर्यसत्ये पहिल्यात, लोक सान्त की अनन्त हा प्रश्न दुसऱ्यात. बाबासाहेबांच्या कसोटीला निकायात आधार शोधायचा तर तो येथे मिळतो. अर्थात तेथे दिलेले कारण निरुपयोगिता हे आहे, अनिश्चिती हे नव्हे. अनिश्चितीचा अर्थ बाबासाहेबांनी त्यात घातला. तो घालण्याचा अधिकार त्यांना होता असे आम्ही मानतो, पण तो त्यांचा अर्थ आहे, असे नोंदवूनच तो शिकवला पाहिजे. तसे केले तर चक्रवाळांचा प्रश्न सहज मिटतो. जगांच्या संख्येविषयी तिपिटकात जे आहे ते तात्पुरत्या मतांच्या वर्गात पडते, आणि तात्पुरते मत सोडून देण्याने कोणाचा धम्म बुडत नाही.

या संदर्भात रोहितस्साची कथा वारंवार सांगितली जाते, आणि ती बहुधा चुकीच्या ठिकाणी थांबवली जाते. संयुत्तनिकायात व अंगुत्तरनिकायात ती आली आहे. रोहितस्स देवपुत्र जेतवनात येऊन सांगतो की, पूर्वजन्मी तो आकाशगामी ऋषी होता. निष्णात धनुर्धराचा हलका बाण ताडाची सावली ओलांडतो तितका त्याचा वेग, पूर्व समुद्रापासून पश्चिम समुद्रापर्यंत त्याचे एक पाऊल. खाणेपिणे, देहधर्म व झोप एवढे सोडून तो शंभर वर्षे चालला आणि लोकाचा अंत न गाठता वाटेतच मेला. (तो प्रकाशाच्या वेगाने चालला असता तरी शंभर प्रकाशवर्षेच गेला असता, आपली आकाशगंगाच सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे.) येथपर्यंत सांगून व्याख्याते म्हणतात : पाहा, विश्व अनंत आहे. भगवंतांचे उत्तर तसे नाही. चालून लोकाचा अंत गाठता येत नाही, असे ते म्हणतात; आणि तो गाठल्याखेरीज दुःखाचा अंत होत नाही, असेही म्हणतात. मग त्या अंताचा पत्ता देतात : संज्ञा व मन यांसह असलेला हा वावभर देह. सळायतनसंयुत्तात आनंद स्थविर याच शब्दाचा अर्थ उलगडून सांगतात, की ज्याच्या योगे माणूस जगात 'जगाची जाणीव असलेला' होतो ते डोळे, कान, नाक, जीभ, काया व मन यांना आर्यविनयात लोक म्हणतात.

तेव्हा रोहितस्ससुत्तातील 'लोक' म्हणजे खगोलशास्त्रज्ञाचे विश्व नव्हे, आणि या सुत्ताचा मराठी अर्थ सांगताना 'विश्वाचा अंत' असे शब्द वापरणे सदोष आहे. मराठीत या शब्दाची अडचण आहे हे आम्ही जाणतो. 'लोक' म्हटले की मराठी वाचकाला माणसे आठवतात, 'जग' म्हटले की भूगोल, 'विश्व' म्हटले की तारे. आमच्या मते सुत्ताच्या अनुवादात 'लोक' हाच शब्द ठेवून त्याखाली आनंद स्थविरांचा खुलासा टीप म्हणून द्यावा. आणि खगोलशास्त्राच्या व्याख्यानात 'विश्वाचे टोक', 'विश्वाची कडा' हे शब्द टाकून 'दृश्य विश्वाची सीमा' असे म्हणावे. वर्षावासातील व्याख्यानमालांचे विषय ठरवताना संयोजकांनी फलकावर हाच शब्द लिहावा. 'दृश्य' हा शब्द धर्मकीर्तींचाही आहे. त्याचा त्यांनी केलेला अर्थ, म्हणजे पाहण्याची सामग्री हजर असता जे दिसलेच असते ते, सूक्ष्मतरंगांच्या त्या भिंतीला अक्षरशः लागू पडतो. आणि पलीकडच्यासाठी 'विप्रकृष्ट' हा शब्द आपल्या ग्रंथांत तयारच आहे.